शंभर कोटींतले तीन-चार

आज जरा अवघड विषय, पण आहे हिशेबाचाच.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं यंत्र आहे. त्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्यातून 'बी-एस मेसॉन' नावाचे कण निघतात आणि क्षणात मोडतात. शंभर कोटींतले तीन-चारच मोडून दोन म्युऑन होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ.

आम्हाला पहिला प्रश्न पडला, शंभर कोटी मोजले कुणी? कुणीच नाही! जत्रेत शंभरातल्या दहाजणी ओटी भरतात हे पक्कं ठाऊक असलं, तर ओट्या मोजून बायका किती आल्या ते कळतं. तसंच मेसॉन नेहमी ज्या माहितीतल्या रीतीने मोडतात, ते मोजून एकूण आकडा काढतात. मग म्युऑनच्या जोड्या निवडायच्या. त्यांत खोट्या फार. दोघांचं मिळून वस्तुमान मेसॉनशी जुळलं, तरच जोडी विचारात घ्यायची.

एवढा खटाटोप कशाला? आकडा सिद्धांताहून वेगळा निघाला, तर अजून न दिसलेला कण मध्ये लुडबुडतोय असा संशय घेता येतो. २०१५ साली सीएमएस आणि एलएचसीबी या दोन गटांनी एकत्र हिशेब छापला. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसंही आहेत. आकडा सिद्धांताच्या जवळच निघाला. नव्या कणाची वाट पाहणाऱ्यांचा मात्र हिरमोड झाला.