शनिवार तेल्यांचा शब्द

जेरुसलेम : शुक्रवारी दुपारी इथल्या माहाने येहुदा बाजारात पाय ठेवायला जागा नसते. वेणीसारखा गुंफलेला खल्ला पाव आणि मासे पिशवीत कोंबून जो तो घराकडे सुटलेला. सूर्यास्ताला 40 मिनिटं उरली की शहरभर भोंगा वाजतो. शटरं खाली येतात, बसगाड्या थांबतात. यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, लागला.

हा शब्द ‘श-ब-त’ या तीन व्यंजनांच्या धातूतून आला. अर्थ अगदी साधा : थांबणं. हिब्रूत सातला ‘शेवा’ म्हणतात, म्हणून पुष्कळांना शब्बाथ म्हणजे ‘सातवा’ असं वाटतं. पण ‘शेवा’चा धातू वेगळा आहे. प्राचीन बाबिलोनच्या अक्कादी भाषेत पौर्णिमेच्या, म्हणजे महिन्याच्या पंधराव्या दिवसाला ‘शपत्तू’ म्हणत. दोन्ही शब्दांचं नातं काय, यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे.

शब्दानं पुढे मुलूख पालथा घातला. अरबीत तो ‘सब्त’ झाला, ग्रीक-लॅटिनमार्गे पोर्तुगीजांचा ‘साबादु’. गंमत शनीची. मराठीत ग्रहावरून वाराचं नाव पडलं. हिब्रूत उलट, वारावरून ग्रहाचं. शनीला इथे ‘शब्ताई’ म्हणतात.

आजच्या इस्रायलमध्ये हा धातू भलताच कामसू आहे. उंच इमारतींत ‘शब्बाथ लिफ्ट’ असते. ती दर मजल्यावर आपोआप थांबते, कारण धर्मनिष्ठ माणूस त्या दिवशी बटण दाबत नाही. शिक्षकांची वर्षभराची अभ्यासरजा ती ‘शब्बातोन’. आणि कामगारांचा संप? ‘श्विता’!

कोकणी कान इथे टवकारावेत. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. शेजाऱ्यांनी नकळत मूळ अर्थच नेमका पकडला होता : थांबणारे तेली. त्यांचे पेणकर, नवगावकर वंशज आता इस्रायलमधल्या दिमोना, लोद, अश्दोदमध्ये राहतात. सुरुवातीला मात्र त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली आणि लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचा तिथल्या यहुदी धर्मपीठाचा फतवा निघाला. 1964 मध्ये या मंडळींनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. त्याच वर्षी इस्रायली संसदेनं, क्नेसेटनं, त्यांची बाजू घेतली आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. घाणा थांबवणाऱ्यांच्या नातवंडांवर तिथे ‘श्विता’ची पाळी आली होती.