आमच्या बाळाचे डॉक्टर नेमके कोणते?

मूल रुग्णालयात दाखल झाले की पहिल्या चोवीस तासांतच आई-वडिलांना चार-पाच डॉक्टर भेटतात. एक जण रात्री सारी हकीकत लिहून घेतो, दुसरा सकाळी तीच पुन्हा विचारतो, तिसरा सलाईन लावतो आणि नंतर राउंडला येणारे ज्येष्ठ डॉक्टर मोजके प्रश्न विचारून पुढे जातात. ‘आमच्या बाळाचे डॉक्टर नेमके कोणते?’ हा प्रश्न मग साहजिकच उभा राहतो. त्यात गोंधळ असतो, तशी भीतीही असते. यास्तव ही रचना येथे थोडक्यात स्पष्ट करीत आहोत.

एम.बी.बी.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपल्यावर 1 वर्षाची आंतरवासिता सक्तीची असते. या टप्प्यावरील डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. उपचार ते स्वतः ठरवीत नाहीत. त्यांच्या वरचे निवासी डॉक्टर हे पदवीधर असतात. शिक्षणाची सोय असलेल्या रुग्णालयांत त्यांपैकी अनेक जण बालरोगशास्त्राचा 3 वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत असतात. दिवसरात्र पाळीने विभागात हजर राहून बाळातील बदल प्रथम टिपणे हे त्यांचे काम. निदान व उपचारांची दिशा ठरविण्याची अंतिम जबाबदारी मात्र मानद किंवा पूर्णवेळ बालरोगतज्ज्ञांची असते. ते खाटेजवळ थोडा वेळ दिसले, तरी निवासी डॉक्टरांकडून त्यांना वेळोवेळी माहिती मिळत असते.

तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात, ते अविश्वासापोटी नव्हे. पहिल्या वेळी घाबरलेली आई बरेच विसरते. पूर्वी येऊन गेलेली आकडी, एखाद्या औषधाने उठलेले पुरळ, घरी दिलेला तापाच्या औषधाचा डोस या गोष्टी बहुधा दुसऱ्या वेळी आठवतात.

क्रम समजणे म्हणजे काय, यासंबंधी एक प्रयोग बोलका आहे. अमेरिकेतील हर्बर्ट टेरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ऱ्हीसस माकडांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावरील चार चित्रांना ठरावीक क्रमाने स्पर्श करण्यास माकडांना शिकविले होते. अशा चार याद्या पाठ झाल्यावर त्यांतील चित्रे मिसळून नव्या याद्या केल्या. प्रत्येक चित्राचे मूळ स्थान कायम ठेवले, म्हणजे दुसरे चित्र नव्या यादीतही दुसरेच राहिले, तेव्हा माकडांनी ती यादी जवळजवळ न चुकता आत्मसात केली. स्थाने बदलल्यावर मात्र त्यांना कष्ट पडले. एकामागून एक येणाऱ्या चित्रांची निव्वळ साखळी नव्हे, तर प्रत्येकाचे स्थानही त्यांना उमगले होते.

रुग्णालयात पाळी बदलते आणि चेहरे बदलतात. स्थाने मात्र तीच राहतात. ज्या पालकांनी केवळ चेहरा लक्षात ठेवला, ते पाळी बदलताच भांबावतात. ज्यांनी स्थान ओळखले, त्यांना कोणास काय विचारावे हे कळते.

याचे महत्त्व रात्री विशेष जाणवते. ‘मोठे डॉक्टर सकाळी आले की सांगू’ असा विचार कृपया करू नये. बाळ पीत नसेल, सारे उलटून टाकत असेल, आकडी आली असेल किंवा सुस्त पडून जागे होत नसेल, तर त्याच क्षणी परिचारिकेस सांगावे. शांत असलेल्या बाळाचा श्वास मिनिटाला 2 महिन्यांखाली 60, 2 ते 12 महिन्यांत 50 आणि 1 ते 5 वर्षांत 40 किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा व तेही लगेच कळवावे. परिचारिका निवासी डॉक्टरांना बोलावते आणि गरजेनुसार ते तज्ज्ञांना कळवितात. रात्री तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्याचा हाच सर्वांत जवळचा मार्ग होय.

बिलातील सवलतीविषयी मात्र डॉक्टरांऐवजी वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठीची कागदपत्रे ते समजावून सांगतात.

प्रत्येक डॉक्टरांना ‘आपले काम काय?’ असे विचारण्यात कोणताही अनादर नाही. बाळाचे डॉक्टर एक नसून अनेक आहेत आणि बाळाला सर्वांत जवळून ओळखणारे आई-वडील हेही या क्रमातील पहिले स्थान सांभाळीत असतात.