नरनाळ्याचा फोटो छापताना धूसर का येतो?

अकोटची भाची शाळेच्या प्रकल्पासाठी नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाचा फोटो छापून घेऊन आली. १४८७ सालच्या दरवाजावरचं कोरीवकाम पार धूसर!

कारण साधं आहे. गुगलच्या निकालांत दिसते ती चित्राची छोटी प्रत. स्क्रीनवर ती बरी दिसते, कागदावर फाटते.

म्हणून आधी मूळ पान उघडा. ते विकिमीडिया कॉमन्सवर असेल, तर तिथं 'ओरिजिनल फाइल' निवडा. मग चित्रावर राइट क्लिक, 'सेव्ह इमेज अ‍ॅज', ओळखू येईल असं नाव आणि फोल्डर.

ए-फोर कागदभर उभा फोटो ३०० डीपीआयनं छापायचा तर रुंदी सुमारे २,४८० पिक्सेल हवी.

फाइल 'वेबपी' निघाली, तर पेंटमध्ये उघडून जेपीजी करा.

फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना लिहायला विसरू नका.

कुठं अडलं तर बिनधास्त विचारा!