अमेरिकेतील यादवी आणि केळापूरचा कापूस

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला आणि त्या देशातील यादवी युद्धास तोंड फुटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये एका बाजूस आणि संघराज्य अभंग राखू पाहणारे उत्तरेचे सरकार दुसऱ्या बाजूस, असा हा चार वर्षांचा रक्तरंजित झगडा होता. त्याची आठवण आज केळापूर तालुक्यात काढण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु या तालुक्याच्या शेतात पऱ्हाटी आज जेवढी दिसते तेवढी ती का दिसते, आणि पीक चांगले आले तरी शेतकऱ्याच्या घरात शिल्लक का राहत नाही, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा एक धागा त्या परक्या युद्धापर्यंत जाऊन पोहोचतो.

त्या काळी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतून येत असे. तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. युद्ध सुरू होताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. १८६२ मध्ये लँकेशायरमधील गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि लक्षावधी माणसे धर्मादाय मदतीवर जगू लागली. ब्रिटिश भांडवलदारांपुढे प्रश्न उभा राहिला तो कापूस आणावयाचा कोठून? त्यांची दृष्टी साहजिकच इजिप्त, ब्राझील आणि मुख्यतः हिंदुस्थानकडे वळली.

युद्ध दूर, भाव दारी

त्या वेळचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली नुकताच आलेला होता. निजामाच्या सैन्याच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत त्याचा कारभार चाले. युद्ध ऐन भरात असताना, १८६४ साली, अमरावतीपासून वेगळा काढून ‘आग्नेय वऱ्हाड’ नावाचा जिल्हा निर्माण करण्यात आला. तोच पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. केळापूर हा त्यातील एक तालुका. पैनगंगेच्या अलीकडचा, डोंगराळ, झाडीचा, विरळ वस्तीचा आणि गोंड, कोलाम, परधान यांच्या पाड्यांचा हा मुलूख होता. येथील मुख्य अन्न ज्वारी. कापूस पिके, पण तो घरच्या आणि आसपासच्या विणकरांच्या गरजेपुरता व थोडाफार व्यापाराचा.

लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन कापसाचा भाव युद्धापूर्वी पौंडास सात-आठ पेन्स होता, तो १८६४ मध्ये तीस पेन्सांच्या आसपास गेला. हिंदी कापूस आखूड धाग्याचा व कचऱ्याचा म्हणून तिकडे हिणवला जाई. त्याचाही भाव त्याच प्रमाणात चढला. हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या कापसाची किंमत १८५९-६० मध्ये सुमारे ५६ लाख पौंड होती, ती १८६४-६५ मध्ये सुमारे ३ कोटी ७५ लाख पौंडांवर पोहोचली. या आकड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मालाचे वजन त्या मानाने फार थोडे वाढले होते. वाढला होता तो भाव. म्हणजे या भरभराटीच्या मुळाशी नवी उत्पादनशक्ती नव्हती, दुसऱ्याच्या घरची आग होती. ती विझताच ही ऊबही जाणार, हे उघड होते.

हा भाव कोणाच्या हाती लागला, हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपुरास पोहोचला तो १८६७ मध्ये. खामगावची शाखा १८७० मध्ये आणि अमरावतीची १८७१ मध्ये सुरू झाली. युद्ध मात्र १८६५ च्या एप्रिलमध्येच संपले होते. याचा अर्थ असा, की भाव होता तेव्हा गाडी नव्हती आणि गाडी आली तेव्हा भाव उतरलेला होता. केळापूरच्या शेतकऱ्यास जवळची मोठी पेठ म्हणजे वर्धा नदीपलीकडचे हिंगणघाट. तेथवर बैलगाडीने मजल दरमजल करीत जावयाचे, वाटेत नदी-नाले ओलांडावयाचे, आणि लिव्हरपूलचा भाव काय आहे याचा पत्ताही नसावयाचा. अशा स्थितीत ज्याच्यापाशी गाड्या, रोकड आणि मुंबईची बातमी, त्याच्याच पदरात भावाचा मोठा हिस्सा पडणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

तथापि शेतकऱ्यापर्यंत काहीच पोहोचले नाही, असे म्हणणेही सत्याला धरून होणार नाही. चांदी खेड्यात आली. दागिने झाले, लग्ने थाटात झाली, बैल बदलले गेले. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा त्या काळी या भागात सांगितल्या जात. त्या कथांवरून शेतकऱ्यास उधळ्या ठरविण्याची प्रथा मात्र अन्यायाची आहे. ज्या समाजात बँक नाही आणि पोस्टाची बचत नाही, तेथे चांदी हीच ठेव असते.

कर्जाचे गणित

खरे संकट उधळपट्टीचे नव्हते, ते कर्जाच्या स्वरूपात दडलेले होते. कर्ज रुपयांत ठरते आणि फेडावे लागते पिकातून. समजा, एखाद्या शेतकऱ्याने तेजीच्या वर्षी दोनशे रुपये कर्ज काढून बैलजोडी घेतली आणि नवी जमीन मोडली. त्या वेळी खंडीभर कापसास दोनशे रुपये येत असतील, तर त्याचे मुद्दल एका खंडीचे. भाव निम्म्यावर आला, की तेच मुद्दल दोन खंडींचे होते, व्याज वेगळेच. सावकाराने कागदात एक अक्षर बदललेले नसते, शेतकऱ्याने एक दिवस कामचुकारपणा केलेला नसतो, तरीही देणे दुप्पट झालेले असते.

याला जोड मिळाली ती नव्या कायद्याची. रयतवारी मोजणीने जमिनीचा धारा रोख रकमेत कायम झाला आणि शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क विकण्याजोगा व गहाण टाकण्याजोगा झाला. जमिनीला किंमत आली, हे खरे. पण किंमत आली म्हणजे ती जप्तही होऊ शकते. पूर्वी सावकारास फार तर पीक नेता येई. आता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने शेतच नेता येऊ लागले.

मुंबईतही १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस अनेक पेढ्यांना बुडवून गेला. शेअरांच्या सट्ट्यात उभ्या राहिलेल्या कंपन्या कोसळल्या, नामांकित धनिक कफल्लक झाले. परंतु शहराच्या आणि खेड्याच्या दिवाळ्यात एक फरक आहे. मुंबईच्या हाती तेजीचे काही ना काही उरले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा उरला. बंदर, पेढ्या आणि व्यापाराचा अनुभव उरला. त्याच मंदीत ज्यांच्या घराण्याच्या पेढीस खोट आली, त्या जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये कापसाच्या पट्ट्यालगत नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. भांडवल पुन्हा उभे राहते. गहाण पडलेले शेत तसे परत येत नाही.

दख्खनेत या घसरणीचा परिणाम १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसला. तेथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. वऱ्हाडात त्या तोडीचा उद्रेक झाला नाही, म्हणून त्या कायद्याचे छत्रही त्याला मिळाले नाही. मुकाट्याने सोसणाऱ्याचे दुःख सरकारदरबारी उशिरा नोंदले जाते, हा अनुभव जुना आहे.

इजारा आणि पेव

यवतमाळ जिल्ह्यात फिरताना अनेक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द आढळतो. तो त्या काळाची खूण आहे. १८६५ च्या पडीत जमिनीविषयक नियमांनुसार ओसाड गावेच्या गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने देण्यात आली. लागवड वाढावी, महसूल वाढावा आणि कापूस वाढावा, हा हेतू. सरकारी दप्तरात जी जमीन ‘पडीत’ होती, ती कोलामांच्या आणि गोंडांच्या लेखी पडीत नव्हती. ती त्यांची फिरती शेती, चराई, मोहफुले आणि डिंक यांची जागा होती. ज्यांना अर्ज लिहिता येत होता, पैसा भरता येत होता, ते इजारदार झाले. ज्यांचे पूर्वज त्या रानात वाढले, ते त्यांच्याच शेतावर सालदार झाले. स्वातंत्र्यानंतर, १९७० च्या दशकात, आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्रास कायदे करावे लागले, यावरूनच या व्यवहाराची व्याप्ती लक्षात यावी.

आणखी दोन समाजांचा उल्लेख येथे केला पाहिजे. बैलांच्या तांड्यांवर माल वाहणारे बंजारे लोहमार्गामुळे आपल्या धंद्यास मुकले. विणकरांची कोंडी दुहेरी झाली: तेजीत सूत महागले आणि पुढे रेल्वेने मँचेस्टरचे स्वस्त कापड दारात आणले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांना तर ही इष्टापत्तीच वाटत होती. विलायती कापडाने देशी विणकाम मागे पडले, तर कच्चा कापूस निर्यातीस अधिक मोकळा होईल आणि विणकर शेताकडे वळतील, असा त्यांचा हिशेब होता.

युद्ध संपले तरी वऱ्हाडातील कापूस मागे हटला नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, पेरा वाढत गेला. काही काळ संपन्नताही दिसली. वऱ्हाडची लोकसंख्या १८६७ मध्ये सुमारे २२ लाख होती, ती १८९१ मध्ये सुमारे २९ लाख झाली. पण ज्वारीच्या पेवाचे महत्त्व मात्र कमी होत गेले. पूर्वी दोन-तीन वर्षांचे धान्य जमिनीखाली पेवात असे. आता धान्य बाजारातून यावयाचे होते आणि बाजारात जाण्यास रोख पैसा हवा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा शेतात पीक नव्हते, पेवात धान्य नव्हते आणि मजुराच्या हाताला कामही नव्हते. १९०१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांवर उतरलेली आढळली. या मृत्यूंस केवळ अवर्षण जबाबदार धरणे सोयीचे आहे. पाऊस तर पूर्वीही हुलकावणी देत असे. पेवाचा आधार मात्र आता उरला नव्हता.

तिकडे अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, ही मानवजातीच्या इतिहासातील थोर घटना होय. परंतु मुक्त झालेले कृष्णवर्णीय शेतकरी लवकरच उभ्या पिकावर उधारी देणाऱ्या दुकानदारांच्या जाळ्यात सापडले. मिसिसिपीकाठचा कर्जबाजारी आणि वर्धेकाठचा कर्जबाजारी हे दोघे एकमेकांना न ओळखता एकमेकांशी स्पर्धा करू लागले, आणि कापूस स्वस्त झाला. इजिप्तचेही तसेच. तेजीच्या भरवशावर काढलेल्या कर्जांनी १८७६ मध्ये त्या देशाचे दिवाळे निघाले आणि १८८२ मध्ये त्याचे स्वातंत्र्यही गेले.

आजचा धडा

हा सारा इतिहास झाला, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते तर बरे झाले असते. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. कारण तेथील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढील हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला, आणि भाव उतरत गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले व ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली. त्या निर्णयास पार्श्वभूमी होती ती अमेरिकेशी चाललेल्या व्यापारी तणावाची. केळापूरच्या बाजारातील भाव आजही दूरच्या राजधान्यांत ठरतो आहे.

शेतकऱ्याने कापूस सोडावा, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. कोरडवाहू जमिनीत रोख पैसा देणारी पिके मोजकीच आहेत. प्रश्न आहे तो भावाचा धक्का कोणी सोसावयाचा, हा. १८६५ मध्ये तो सर्वांत दुबळ्या माणसाने सोसला, कारण माल थांबवून ठेवण्याची ताकद, घरचे धान्य आणि नरम अटींचे कर्ज यांपैकी त्याच्यापाशी काहीच नव्हते. तालुक्यात सहकारी गोदामे हवीत, त्यांतील मालाच्या तारणावर तत्काळ कर्ज हवे. हमीभावाची खरेदी वेचणी सुरू होताच हवी, माल व्यापाऱ्याच्या घरी गेल्यावर नव्हे. आणि भाव ठरावीक मर्यादेखाली कोसळला तर कर्जाचा हप्ताही त्या प्रमाणात उतरावा, अशी तरतूद कर्जाच्या करारातच हवी. ज्वारी आणि तूर यांना शेतात पुन्हा मानाची जागा मिळाली पाहिजे, ती जुन्याच्या मोहाने नव्हे, तर विमा म्हणून.

तेजी येते तेव्हा तिचे स्वागत सर्वच करतात. ती जाईल त्या दिवसाची तयारी मात्र तेजीतच करावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी ती तयारी करणे परक्या सरकारला गरजेचे वाटले नाही. आज सरकार आपले आहे; तेव्हा त्या दिवसाचा हिशेब मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.