होडी शाकारण्यापूर्वी ऑइल बदलावे

पावसाळी मासेमारी बंदी आली की रत्नागिरी, हर्णै, श्रीवर्धनकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. २०२४ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे नातलग नाखवे आहेत, कित्येकांचा होडीत हिस्साही आहे. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

प्रश्न असा की इंजिनचे ऑइल बंदीपूर्वी बदलावे की बंदी उठल्यावर? आम्ही नाहूरला बसून कापड विकणारे; साडूभाईंच्या होडीत थोडी रक्कम गुंतवलेली. एका वर्षी आम्हीच सल्ला दिला, "होडी दोन महिने उभी राहणार, नवे ऑइल आता कशाला? ऑगस्टमध्ये टाका." ऑइलचे तास आधीच उलटून गेले होते, हे आम्ही विचारलेही नाही. ऑगस्टमध्ये इंजिन चौथ्या दिवशी ठोके देऊ लागले. मिस्त्रींनी खोलले तेव्हा बेअरिंगवर बारीक खड्डे पडलेले. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगसाठी मुंबईला आणावा लागला. हंगामाचे पहिले तीन आठवडे गेले आणि खलाशांना दिलेली उचल अंगावर राहिली.

कारण साधे आहे. डिझेल जळताना काजळी, पाणी आणि आम्ल तयार होते व त्यातले काही ऑइलमध्ये उतरते. आम्ल मारणारा मसाला ऑइलमध्ये घातलेला असतो, पण चालून चालून तो संपतो. मग असे ऑइल दोन महिने धातूला चिकटून राहिले तर धातू खाल्ला जातो. नवे ऑइल घालून होडी शाकारली तर तेच ऑइल ऑगस्टमध्ये चालते. म्हणजे खर्च एकदाच. फक्त दोन महिने आधी.

शिडाच्या सफरी होड्यांना तर हे जास्तच लागू. कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० रोजी परतले, ते शिडांच्या बळावर. अशा होड्यांत इंजिन लागते ते मुख्यतः बंदरात आत-बाहेर करायला आणि बॅटरी भरायला. मीटरवर तास थोडे दिसतात, मालक खूश. पण थोडा वेळ थंडच चाललेल्या इंजिनातले पाणी उडून जात नाही, न जळलेले डिझेलही ऑइलमध्ये मिसळते. म्हणून कंपनीच्या पुस्तकातले तास किंवा एक वर्ष, जे आधी भरेल ते धरावे.

बदलण्यापूर्वी इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. गरम ऑइल पातळ होऊन काजळीसकट निघते. होडीत चेंबरखालच्या बोल्टापर्यंत हात पोचत नाही, तेव्हा पट्टीच्या नळीतून हातपंपाने ओढावे. फिल्टर सोबतच बदलावा. डिझेल इंजिनचे ऑइल लवकर काळे होते, त्याने घाबरू नये. दुधासारखे दिसले मात्र इंजिन चालू करू नये. पाणी आत शिरले आहे. जुने ऑइल खाडीत न ओतता डब्यात भरून परवानाधारक खरेदीदारालाच द्यावे.

तारीख आणि मीटरचे तास केबिनच्या फळीवर रंगाने लिहावेत. साडूभाईंच्या होडीत आता तसे लिहिलेले आहे.