टिनटिन सुटला, पण कुठला?

नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी २०२५ला, टिनटिन आणि पॉपाय अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटले, ही बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. पॉपायच्या नशिबी लगेच भयपट आले. माणसं मारत सुटलेल्या खलाशाचे सिनेमे काढायला निर्माते जणू टपूनच बसले होते. टिनटिनच्या वाटेला उद्या कुणी गेलंच, तर त्याच्या हाती नेमकं काय लागणार, हे मात्र बातम्यांमधून नीट कळलं नाही.

लागणार आहे ते एवढंच: १० जानेवारी १९२९पासून त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ब्रसेल्सच्या एका कॅथलिक दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत दर गुरुवारी आलेली कृष्णधवल चित्रं. (पुरवणीत जन्मलेल्या नायकावर पुरवणीतच लिहिताना कॉलर जरा ताठ होते, तेवढं चालवून घ्यावं.) 'टिनटिन सोव्हिएत देशात' ही ती गोष्ट. काढणारा जॉर्ज रेमी तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि आद्याक्षरं उलटी करून 'एर्जे' अशी सही करत होता. रशिया त्याने पाहिला नव्हता. दैनिकाचे संपादक, धर्मगुरू नॉर्बेर वालेझ यांनी एका माजी बेल्जियन वाणिज्यदूताचं साम्यवादाला झोडपणारं पुस्तक त्याच्या हाती दिलं आणि त्यावरून गोष्ट उभी राहिली. पहिल्या काही पानांत टिनटिनच्या कपाळावरचा तो प्रसिद्ध तुरा खाली बसलेला आहे. एका मोटारीने वेग घेतला आणि वाऱ्याने तो उभा राहिला, तो पुन्हा बसला नाही.

गंमत अशी, की या गोष्टीची एर्जेंना पुढे लाज वाटायची. बाकीची जुनी पुस्तकं त्यांनी नव्याने काढली, रंगवली. हे एकच तसंच सोडून दिलं आणि १९७३पर्यंत ते बाजारात पुन्हा नीट येऊही दिलं नाही. म्हणजे चित्रकाराने स्वतः माळ्यावर टाकलेला टिनटिन तेवढा कायद्याने मोकळा केला आहे. कॅप्टन हॅडॉक १९४१च्या जानेवारीत अवतरला, त्यामुळे अमेरिकेतसुद्धा त्याला हात लावायला २०३७ उजाडेल. १९२९च्या चित्रांचा इंग्रजी अनुवाद १९८९चा, तोही बंदच. युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. एर्जे गेले ३ मार्च १९८३ला, म्हणजे तिथे २०५४. आपल्याकडे ६० वर्षांचा हिशेब आहे, तेव्हा भारतात २०४४.

तारखांचा हा हिशेब वकिलांना लखलाभ. युरोपच्या चित्रकथांचं ज्यांना वेड आहे, त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा आहे. पात्र मोकळं झालं म्हणून रेघही मोकळी होते का? चित्रकार गेल्यावर त्याच्या पात्राला दुसऱ्याने हात लावावा का? फ्रान्स-बेल्जियममध्ये यावर गेली कित्येक वर्षं भांडणं चालली आहेत, कोर्टात आणि घरातही.

एर्जेंची रेघ म्हणजे काय, ते आधी पाहू. सगळीकडे सारख्या जाडीची काळी रेषा, सावल्या नाहीत, रेघोट्या मारून उठाव आणणं नाही, सपाट रंग, आणि जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट. योस्ट स्वार्टे या डच चित्रकाराने १९७७ साली तिला 'स्वच्छ रेघ' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. पण ही स्वच्छता मागाहून येते. एर्जेंचे पेन्सिलचे कच्चे कागद पाहिले, तर एकेका हातापायावर रेघांचं जंगल माजलेलं दिसतं. कधी कधी जोरामुळे कागद फाटलेला असतो. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्या जंगलातली एकच रेघ उचलायची. शाई त्यानंतर. एर्जेंचं खरं काम उचलण्याचं होतं.

कशाच्या बळावर उचलायचं, हे त्यांना १९३४मध्ये कळलं. टिनटिन चीनला जाणार असं जाहीर झालं, तेव्हा ब्रसेल्समध्ये शिल्पकला शिकत असलेल्या झांग चोंगरन या चिनी तरुणाशी त्यांची गाठ घालून दिली गेली. तोवर एर्जेंचं परदेश म्हणजे ऐकीव गमतीजमती. काँगोवरचं पुस्तक आज वाचवत नाही. झांगने त्यांना कुंचला धरायला शिकवलं, रस्त्यावरच्या पाट्या स्वतः लिहून दिल्या. 'ब्लू लोटस'मधल्या भिंतींवर जपानी मालावर बहिष्कार घाला अशा घोषणा चिनी अक्षरांत आहेत, आणि युरोपातल्या बहुतेक बालवाचकांना त्या नुसती नक्षी वाटल्या असणार. मंचुरियातला रेल्वेचा स्फोट जपाननेच घडवला, हे १९३०च्या दशकात मुलांच्या पुरवणीत छापून आलं. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एर्जेंनी १९३६मध्ये केलेलं रंगीत चित्र छपाईला परवडेना म्हणून बाजूला पडलं. २०२१मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला जवळजवळ ३२ लाख युरो मिळाले.

'टिनटिन फक्त माझा, माझ्यामागे कुणी काढायचा नाही,' ही एर्जेंची भूमिका होती आणि त्यांच्या पत्नीने ती पाळली. ऐकायला छान वाटतं. पण टिनटिन 'एकहाती' कधी होता? युद्धाच्या काळात जुनी पुस्तकं रंगवायला एडगर जेकब्ज आले. मुखपृष्ठावर माझंही नाव घाला म्हणाले, तेव्हा एर्जेंनी नकार दिला. १९५०मध्ये रीतसर स्टुडिओ निघाला. चंद्रावर जाणाऱ्या यानाचे बारकावे बॉब द मूर यांचे, पुढच्या पुस्तकांतल्या विमानांत रॉजे ललूप यांचा हात. इंग्लंडच्या प्रकाशकांनी 'द ब्लॅक आयलंड'मधल्या १३१ चुकांची यादी पाठवली, तेव्हा स्केचबुक घेऊन ब्रिटनला गेले द मूर. एर्जे ब्रसेल्समध्येच होते. मग एर्जेंनी मनाई कशाची केली? माझ्या मते हातांची नाही, त्या शेवटच्या निवडीची. जंगलातली कुठली रेघ ठेवायची, हे सांगणारा माणूस गेला की द मूरसारखा कसबी चित्रकारही अडतो. 'टिनटिन आणि आल्फ-आर्ट' अपुरं राहिलं, ते पूर्ण करायची द मूर यांची इच्छा होती. तीसेक वर्षं शेजारी बसलेला माणूस, तरी नकारच मिळाला. १९८६ साली ते कच्च्या आराखड्यांसकट छापलं गेलं आणि तसंच राहिलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

वारसांच्या कंपनीचं बाकीचं वागणं मात्र कौतुकाचं नाही. एखादी चौकट छापायची म्हटलं तरी पावती फाडणारे लोक अशी त्यांची ख्याती आहे. नेदरलँड्समधल्या चाहत्यांच्या एका मंडळाला त्यांनी कोर्टात खेचलं आणि २०१५मध्ये हेगच्या न्यायालयात तोंडघशी पडले. १९४२चा एक कागद पुढे आला आणि त्यावरून पुस्तकांचे हक्क कास्टरमन या प्रकाशकांकडे असल्याचं दिसलं. देव्हारा राखणं आणि देवळाला कुलूप लावणं यांतला फरक काही पुजाऱ्यांना कळत नाही.

ॲस्टेरिक्सची तऱ्हा उलटी. तिथे हात जिवंत राहिला आणि डोकं गेलं. लेखक गॉसिनी नोव्हेंबर १९७७मध्ये हृदयाची तपासणी चालू असतानाच गेले. 'ॲस्टेरिक्स बेल्जियममध्ये' अर्धं काढून झालं होतं. तिथून पुढे उदेर्झोंनी पुस्तकातलं आभाळ भरून आणलं आणि पाऊस पाडला. चित्रकाराने मित्राला वाहिलेली इतकी नेमकी श्रद्धांजली मला दुसरी ठाऊक नाही. पण नंतर उदेर्झोंनी लेखनही स्वतःच करायचं ठरवलं. रेघ तीच, टपोरी नाकं तीच, रानडुकरांच्या मेजवान्याही त्याच, आणि विनोद पुस्तकागणिक पातळ होत गेला. २००५च्या पुस्तकात गॉलांच्या गावात परग्रहवासी उतरले, तेव्हा तर भक्तांनीही हात टेकले. माझ्यानंतर ॲस्टेरिक्स नाही असं म्हणणाऱ्या उदेर्झोंनी पुढे मत बदललं, हक्क आशेत या बड्या प्रकाशनाकडे गेले आणि त्यांच्या मुलीने 'ल माँद'मध्ये जाहीर निषेध केला. २०१३पासून दिदिए कॉनराद चित्रं काढतात. नीटनेटकी असतात. दर दोन वर्षांनी पुस्तक येतं, खपतं, आणि पुढचं येईपर्यंत विसरलं जातं.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायचा मोह झाला, त्या आंद्रे फ्रांकॅं यांच्याकडे येतो. एर्जेंच्याच एतरबेक या उपनगरात १९२४मध्ये जन्मलेला हा माणूस आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही. याच्यापुढे आपण कोण, असं खुद्द एर्जे म्हणायचे. फ्रांकॅंची रेघ स्वच्छ नाही, ती पळते, थरथरते, धापा टाकते. त्यांच्या चित्रातलं नुसतं टेलिफोनचं यंत्रही चिडलेलं दिसतं. स्पिरू हे पात्र त्यांना दुसऱ्यांकडून आलं आणि त्यांनी पुढे दुसऱ्यांकडे दिलं. ते प्रकाशकाच्या मालकीचं होतं आणि आजही अनेक हातांनी काढलं जातं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. लांब शेपटीचा मार्सुपिलामी त्यांचा स्वतःचा, पण तोही त्यांनी १९८७मध्ये, हयातीतच, बातेम या तरुण चित्रकाराच्या हवाली केला. म्हणजे हा काही हातचं न सोडणारा गृहस्थ नव्हे.

गास्तों लागाफ मात्र द्यायचा नव्हता. २८ फेब्रुवारी १९५७च्या 'स्पिरू' साप्ताहिकात हा पोरगा प्रस्तावना नाही, गोष्ट नाही, असा नुसता अवतरला. नोकरीवर आलोय म्हणाला, कुणी पाठवलं ते त्याला आठवेना. तिथून पुढे त्या साप्ताहिकाच्याच कचेरीत तो पत्रांच्या ढिगाऱ्यावर झोपला, प्रयोगशाळा मांडली, मांजर आणि एक खुनशी समुद्रपक्षी पाळला. एक उद्योगपती करारावर सही करायला येतो आणि गास्तोंच्या कुठल्यातरी उपद्व्यापाने करार दर वेळी फाटतो, जळतो किंवा विरघळतो. त्या उद्योगपतीला द मेस्माकर हे आडनाव मिळालं ते फ्रांकॅंच्या साहाय्यकाचं. ज्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी केली आहे, त्यांना हे सगळं वास्तववादी वाटेल. आणि कित्येक पानांच्या तळाशी फ्रांकॅंची सही त्या त्या पानातल्या विनोदाला साजेशी: जळालेली, चिरडलेली, पाण्यात भिजलेली.

हा विनोद हसऱ्या माणसाचा नव्हता. १९६१मध्ये नैराश्याने त्यांचं चालू काम मध्येच थांबलं होतं. तेच नैराश्य १९७७मध्ये 'काळे विचार' या मालिकेत उतरलं. माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या, आणि विषय फाशी, अणुबाँब, युद्धखोर सेनापती. (हीसुद्धा सुरू झाली साप्ताहिकाच्या पुरवणीत. आता कॉलर खाली करतो.) ज्या हाताने गास्तोंची झोप काढली, त्याच हाताने ते काढलं आणि रेघेतला कंप दोन्हीकडे एकच आहे. फ्रांकॅंच्या बाबतीत हात आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, असं मला वाटतं ते यामुळे.

फ्रांकॅं जानेवारी १९९७मध्ये गेले. आपल्यामागे गास्तों चालू ठेवू नये, हे ते मुलाखतींतून सांगून गेले होते. पण १९९२मध्ये त्यांनी हक्क विकले होते आणि फिरत फिरत ते २०१३मध्ये द्युपुई प्रकाशनाकडे आले. २०२२मध्ये द्युपुईंनी जाहीर केलं, की क्युबेकचे चित्रकार दलाफ नवा गास्तों काढताहेत. फ्रांकॅंची मुलगी इझाबेल लवादाकडे गेली. लवादाने प्रकाशकाला परवानगी दिली. मुलाखतीतली इच्छा म्हणजे करारातलं कलम नव्हे. नोव्हेंबर २०२३मध्ये 'लागाफचं पुनरागमन' दुकानांत लागलं.

चाळून पाहिलं, तर पुस्तक वाईट नाही. हीच अडचण आहे. दलाफ यांनी मूळ पानांचा इतका कसून अभ्यास केला आहे, की चौकट सुटी दाखवली तर भलेभले फसतील. गास्तोंच्या घट्ट स्वेटरच्या सुरकुत्या, धूर, घाम, सगळं जागच्या जागी. पण फ्रांकॅंच्या दर दहा वर्षांच्या गास्तोंत फरक आहे. पन्नासच्या दशकातला आखडलेला, साठच्या दशकातला मोकळा, सत्तरच्या दशकातला पार द्रवरूप. ती वाढ अभ्यासाने आणता येत नाही, कारण अभ्यास झालेल्या रेघांचाच होतो. लवादाने प्रकाशकाचा हक्क मान्य केला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. प्रकाशकाला ते शोभलं का, एवढंच विचारायचं आहे.

आणि म्हणूनच अमेरिकेतल्या मोकळ्या टिनटिनची मला फारशी धास्ती नाही. उद्या कुणी त्याला भयपटात घातलं, तर ते एर्जेंचं नाही हे शेंबडं पोरही ओळखेल. हुबेहूब नक्कल धोक्याची, आणि ती कायद्याने हक्कदार असलेली माणसंच करतात.

फ्रांकॅं वाचायचे असतील, तर सिनेबुक या ब्रिटिश प्रकाशनाने गास्तोंला इंग्रजीत 'गोमर गूफ' या नावाने २०१७पासून आणलं आहे. त्यातली सत्तरच्या दशकातली पानं आधी वाचा. पन्नासच्या दशकातल्या पानांवरून मत बनवू नका. 'काळे विचार' इंग्रजीत 'डाय लाफिंग' म्हणून २०१८मध्ये आलं आहे. ते मुलांच्या कप्प्यात मात्र ठेवू नका.