सिकलसेलसोबत जगताना (लेखांक 6) : रक्त लावायचं की थांबायचं?

"डॉक्टरसाहेब, पोराचं रक्त सातवर आलं, बाटली लावून द्या नं जी!" नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर, सावनेर, काटोल पट्ट्यात ही विनवणी नेहमीची. आईबापाला बोल लावण्यात अर्थ नाही. पोर सांधेदुखीनं तळमळतंय आणि रिपोर्टवर हिमोग्लोबिनसमोर 'कमी' असा ठसठशीत शेरा छापलाय. पण एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेल्या, रुग्णाच्या बाबतीत हा शेरा चकवा देतो.

रिपोर्टच्या कडेला छापलेली मर्यादा निरोगी माणसाची. त्याची लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलची जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून अनेक रुग्णांचं हिमोग्लोबिन बरं असतानाही 7 ते 9 च्या आसपास असतं आणि शरीर त्याला सरावलेलं असतं. तेव्हा पहिला प्रश्न असा: एरवी, दुखणं नसताना, हा आकडा किती असतो? एरवी 7.8 असणाऱ्याचं 7.4 झालं आणि फक्त अंग दुखतंय, तर गरज असते ती वेदनाशामकाची, पाण्याची, उबेची. ताप असेल तर त्याच्या उपचाराची. त्याच रुग्णाचं 5 वर घसरलं, डाव्या बरगडीखाली पाणथरी एकाएकी फुगली, छातीत दुखून दम लागला किंवा तोंड वाकडं होऊन हात लुळा पडला, तर तातडीनं दवाखाना गाठायचा. तिथं रक्ताचा निर्णय रेंगाळता कामा नये.

रात्री ड्युटीवरच्या अनोळखी डॉक्टरला हा 'एरवीचा आकडा' कोण सांगणार? म्हणून बऱ्या दिवसांतला एक रिपोर्ट फायलीत सगळ्यात वर ठेवा. जुन्या रिपोर्टांच्या चळतीत तो सापडत नाही.

सरकारी रक्तपेढीतून सिकलसेलच्या रुग्णाला रक्त मोफत मिळतं, त्यामुळे 'लावून घेतलं तर बिघडलं काय?' असं वाटतं. बिघडतं. एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साचतं. काहींच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढं खरी गरज पडते तेव्हा जुळणारी पिशवी मिळता मिळत नाही. शिवाय हिमोग्लोबिन 10 च्या वर चढवलं तर रक्त घट्ट होऊन दुखणं वाढू शकतं.

मग सिकलसेलच्या दुखण्याचे झटकेच कमी व्हावेत यासाठी काय? हायड्रॉक्सीयुरिया. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन असतं, तेच हे औषध वाढवतं. अमेरिकेत 1998 साली ते प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी मंजूर झालं. 'ही तर कॅन्सरची गोळी' म्हणून आपल्याकडे घरोघरी नाक मुरडलं जातं. ती काही रक्तकर्करोगांत वापरतात हे खरं, पण तेवढ्यावरून नाकारणं महागात पडतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (मेडिकलमध्ये) डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना किलोमागे रोज फक्त 10 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. हा डोस पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा कमी. तरी झटके घटले आणि रक्त लावण्याची वेळही कमी आली. आपल्याच मुलांवरचा हा अनुभव मला परदेशी पत्रकांपेक्षा मोलाचा वाटतो.

अडचण औषधापेक्षा वेळापत्रकाची. गुण यायला काही महिने लागतात. 'आता बरं आहे' म्हणून मध्येच बंद केलं की मेहनत वाया. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरत नाहीत ना, हे सुरुवातीला दर महिन्याच्या आसपास तपासावं लागतं. मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधीच डॉक्टरांशी बोलायचं. या सगळ्यासाठी नागपूरच्या फेऱ्या आल्या. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, पण बुडालेली रोजी कोण देणार? म्हणून औषध सुरू करतानाच विचारा: रक्ततपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात करून नागपूरची फेरी दोन-तीन महिन्यांनी केली तर चालेल का? पुष्कळदा चालतं.

(पुढील आठवड्यात : खुब्याचं दुखणं आणि ऑपरेशनची वेळ)